जुन्या बीटलचा रंग आणि गंज उतरवताना काय चाललं काय नाही (ब्लास्टिंगवाल्यांबद्दल जरा जास्तच लिहिलंय)

गाडी १९६७ ची फोक्सवॅगन बीटल. पुढच्या झाकणाचा एक कोपरा ब्लेडने खरवडला तर आधी लाल, मग पांढरा, मग परत लाल, त्याच्याखाली करडा प्रायमर आणि सगळ्यात तळाशी फिकट निळा. म्हणजे निदान तीनदा तरी कोणीतरी जुना रंग न काढता वरूनच फवारा मारलेला. तेव्हाच ठरवलं की आता चौथा थर नाही, पत्र्यापर्यंत जायचं. एका डब्यात आणि दोन रविवारात काम होईल असं वाटलं होतं, पाच महिने गेले. त्यात जे जे वापरलं, ज्याच्याकडे काम दिलं, त्याचा हा हिशोब. माझ्यासारखाच कोणी पहिल्यांदा करत असेल तर त्याचे दोनचार पत्रे वाचतील.

सुरुवातीला एक वस्तू घ्या, पेंटची जाडी मोजायचं मीटर. साधं छोटं मिळतं, त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. माझ्या गाडीचं छत ४०० च्या आसपास दाखवत होतं, म्हणजे नुसते रंगावर रंग. डाव्या मागच्या मडगार्डवर मीटरने आकडाच दाखवायचं सोडलं, म्हणजे आत पुट्टी, आणि ती पण थोडीथोडकी नाही. मीटर नसेल तर पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे काहीतरी लपवलेलं आहे. हे आधी केलं की कुठे काय वापरायचं ते कळतं, आणि ब्लास्टिंगवाल्याकडे (दाबाच्या हवेने बारीक खडा मारून रंग-गंज उडवणारा) गेल्यावर तो आपल्याला येडा बनवू शकत नाही.

पहिला प्रयोग केमिकल स्ट्रिपर, ती जेलीसारखी घट्ट असते ती. जुन्या लोकांना आठवत असेल तो मिथिलीन क्लोराईडवाला, दहा मिनिटांत रंग उकळल्यासारखा वर यायचा. तो माणसं मारतो, बंद खोलीत वापरून लोक गेलेत, म्हणून अमेरिकेत २०१९ पासून सामान्य गिऱ्हाइकाला विकायला बंदी आहे, युरोपात त्याच्याही आधीपासून. आता मिळतो तो बहुतेक बेंझिल अल्कोहोलवाला, आणि तो सावकाश काम करतो. डब्यावर चित्र असं की ब्रश फिरवला की रंग साडीच्या घडीसारखा सुटून येतो. तसं काही होत नाही. पहिल्या वेळी मी लावून अर्ध्या तासात खरवडायला गेलो तर वरचा थर नुसता चिकट झालेला, खालचे सगळे जागच्या जागी. दुसऱ्यांदा डोकं वापरलं, ४० नंबरच्या पॉलिश पेपरने आधी आडव्यातिडव्या रेघा ओढल्या, जाड थर दिला, वर प्लास्टिकचा कागद चिकटवला म्हणजे वाळत नाही, आणि रात्रभर विसरून गेलो. सकाळी छताचे दोन थर पोपडे धरून आले. तिसरा आणि प्रायमर परत एकदा लावल्यावर. एकूण छतासाठी हे चांगलं, कारण छत मोठं, सपाट आणि पातळ, तिथे मशीन फिरवायची भीती वाटते.

पण सांध्यांपासून दोन बोटं लांब राहा हां. जिथे पत्रा पत्र्यावर दुमडलाय तिथे ही जेली आत शिरते, धुतली तरी सगळी निघत नाही, आणि नवीन रंग मारल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी तिथूनच फुगे येतात. मी सांध्यांना आधी टेप लावला, तो पट्टा नंतर हाताने घासला. कंटाळवाणं काम आहे, इलाज नाही. आणि गंजावर या जेलीचा शून्य उपयोग, ते डब्यावर अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मार्क पाचपैकी तीन.

मग ग्राइंडर. इथे तीन प्रकारच्या चकत्या वापरल्या. तारेचा कप ब्रश, तो सगळ्यांकडे असतोच, आणि मला तरी तो सगळ्यात फसवा वाटला. गंजावर फिरवला की गंज चकचकीत काळपट होतो आणि आपण खूष, पण तो निघालेला नसतो, त्याला पॉलिश झालेलं असतं, खड्ड्यांच्या तळाशी तसाच बसलेला. वर त्याच्या तारा सुटून उडतात. माझ्या जाड जॅकेटात दोन अडकलेल्या सापडल्या, तेव्हापासून नुसता चष्मा नाही, पूर्ण तोंड झाकणारी काच. फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती, ती रंग काढते आणि त्याच्याबरोबर पत्रापण काढते. गाडीचा पत्रा पाऊण ते एक मिलिमीटर, त्यातला तुम्ही किती खाल्ला ते नंतर डेंटर सांगतो. वेल्डिंगच्या गाठी सपाट करायला ठीक, रंग काढायला अजिबात नाही.

तिसरी ती काळी किंवा जांभळी, जाळीदार, स्पंजासारखी दिसणारी स्ट्रिप डिस्क. ही मात्र खरंच कामाची. रंग, पुट्टी, वरवरचा गंज सगळं काढते, पत्रा फारसा खात नाही. ग्राइंडरचा वेग कमी करता आला पाहिजे, ११,००० फेऱ्यांवर चालवली तर चकतीच झिजून जाते आणि एका जागी थांबलात तर पत्रा तापून वाकतो. हात सारखा फिरता ठेवायचा, मध्येमध्ये उलट्या तळव्याने पत्र्याला हात लावून बघायचा, हात ठेववत नसेल तर दुसऱ्या जागी जायचं. दोन दारं, डावं मडगार्ड आणि मागचं पॅनल मी यानेच केलं. चकत्या पटापट संपतात एवढीच तक्रार. साडेचार.

त्या डाव्या मडगार्डचं सांगायलाच हवं. डिस्क लावली, लाल गेला, पांढरा गेला, मग गुलाबी पुट्टी सुरू झाली ती संपेचना. जवळजवळ नखाएवढ्या जाडीची. तिच्याखाली ॲल्युमिनियमची जाळी, आणि जाळीच्या मागे चुरगळून कोंबलेला कागद. कागद ओला होता!! म्हणजे कितीतरी वर्षं तो तिथे पाणी धरून बसलेला आणि पत्रा आतून खात होता. सगळं ओढून काढलं तर हात आरपार जाईल एवढं भोक. बीटलचं एक बरं, मडगार्ड बोल्टने बसवलेले असतात, मध्ये रबरी पट्टी, काढलं आणि दुसरं बघायला लागलो.

आणखी एक, जुन्या गाड्यांत कारखान्यातच काही सांधे शिशाने भरलेले असायचे. डिस्कखाली अचानक मऊ, चंदेरी, चकतीला चिकटणारं काही लागलं की तिथेच थांबा. ते शिसं आहे, त्याची धूळ अंगात जाणं वाईट. जुन्या रंगातही शिसं असू शकतं. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, बदलत्या फिल्टरचा रबरी मास्क घ्या, कपडे बाहेरच्या बाहेर काढा. मी पहिले दोन दिवस यात हयगय केली आणि घरच्यांकडून जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मुख्य विषय, ब्लास्टिंग.

बॉडी पॅनवरून, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्यावरून, उचलायची हे ठरलेलंच होतं. बीटलची बॉडी खालच्या पॅनला बोल्टने असते, त्यामुळे दोन्ही वेगळं करता येतं. फक्त उचलायच्या आधी दारांच्या चौकटीत आतून पाईप वेल्ड करून घ्या, कारण हीटर चॅनल, म्हणजे दाराखालचे ते पोकळ पट्टे, गंजले असतील तर बॉडी उचलताना दबते आणि नंतर दारं बसत नाहीत. माझे दोन्ही चॅनल खालून चाळणीसारखे होते. पॅनमध्ये मागच्या सीटखाली उजवीकडे बॅटरी असते, तिच्या ॲसिडने तिथला पत्रा गेलेलाच असतो, जवळजवळ प्रत्येक बीटलमध्ये. माझ्या गाडीत तिथे कोणीतरी लाकडाची फळी टाकून ठेवली होती. असो.

पहिल्या ठिकाणी मी सावध म्हणून फक्त इंजिनचं झाकण दिलं. नाव सांगत नाही. काउंटरवरच्या माणसाने झाकण बघितलंही नाही, म्हणाला संध्याकाळी घेऊन जा. संध्याकाळी मिळालं ते एकसारखं राखाडी, रंगाचा कण नाही, बघून खूष झालो. घरी आणून टेबलावर ठेवलं आणि मधोमध अंगठा दाबला तर टक्क करून आत, सोडला तर टक्क करून बाहेर. डब्याच्या झाकणासारखं. उजेडात तिरकं धरलं तर सगळ्या पृष्ठभागावर लाटा. परत गेलो तर म्हणे, "साहेब, गरम होऊन झालं असेल, एवढं चालतंच." चालतं काय! आणि गरम होऊन वगैरे बहुतेक वेळा नसतंच. जाड खडा पूर्ण प्रेशरने सरळ समोरून मारला की प्रत्येक कण पत्र्यावर बारीक हातोडीसारखा आपटतो, तेवढा वरचा थर ताणला जातो, एक बाजू ताणलेली आणि दुसरी नाही म्हटल्यावर पत्रा फुगणारच. चासीच्या जाड लोखंडाला काही होत नाही, बोनेट छत दारांचं वाटोळं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. पाचपैकी एक, तो पण सँपल म्हणून एकच तुकडा देण्याची अक्कल मला होती त्याचा.

दुसरं ठिकाण एकाने सुचवलं. इथे फोनवरच मालकाने उलट मलाच प्रश्न विचारले. गाडी कुठली, पॅन आणि बॉडी वेगळी आहे का, पुट्टी किती आहे, काच आणि वायरिंग काढलं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, "प्रायमर कोण मारणार, आणि किती तासांत?" हा शेवटचा प्रश्न पहिल्या ठिकाणी कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. बॉडी नेली तेव्हा त्याने बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करत एक फेरी मारली, खडूने खुणा केल्या, आणि म्हणाला, "छत तुम्ही जेलीने काढलंय ना, मग मी त्याला हात लावत नाही, उगाच कशाला. आतला भाग, खालचा भाग, दारांच्या चौकटी, सांधे, तिथे मी. बाहेरचे पॅनल घासून आणा, फक्त गंजाचे डाग माझ्यासाठी ठेवा." म्हणजे माणूस स्वतःचं बिल कमी करत होता. तिथेच काम दिलं.

कुठे काय वापरलं ते पण त्याने दाखवलं. पॅनला आणि सस्पेंशनच्या जाड भागांना गार्नेट नावाचा खडा, तो टणक आणि धारदार, गंजाच्या खड्ड्यात शिरतो. बॉडीच्या आतून बारीक दळलेली काच, हवेचा दाब ४० पीएसआयच्या आसपास, नोझल लांब आणि तिरकी धरून, जणू अंगणात झाडू मारतोय असा हात. नदीची वाळू का नाही विचारलं तर हसला, त्यातल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात, ब्रिटनने तर १९४९ च्या नियमांनीच ती ब्लास्टिंगमधून हद्दपार केली. कोणी अजून वाळूच मारत असेल तर त्याच्याकडे गाडी देऊ नकाच, त्याच्या कामगारांसाठी तरी.

सोड्याबद्दलपण विचारलं होतं मी, खाण्याचा सोडा मारतात ते. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या आतलं डांबर १९८० च्या दशकात याच सोड्याने काढलं होतं, तांब्याला ओरखडा न पडता, तिथून हे प्रसिद्ध झालं. पत्रा वाकत नाही हे खरं. पण सोडा इतका मऊ की गंज काढतच नाही, आणि मागे जी पांढरी पूड राहते ती नीट धुतली नाही तर वरचा प्रायमर धरत नाही. माझ्या गाडीला रंगापेक्षा गंजाचाच त्रास होता, मग तो पर्याय बाद.

निकाल बघून मी दोन मिनिटं बोललो नाही. ५० वर्षांपूर्वीच्या स्पॉट वेल्डचे गोल ठसे मोजता येत होते. पॅनच्या मधल्या बोगद्यावर, मागच्या सीटखाली जो चासी नंबर ठोकलेला असतो, तो त्याने न सांगता टेपचे थर लावून झाकला होता, टेप काढली तर खाली नंबर जसाच्या तसा. एक गोष्ट मनाची तयारी ठेवून बघा, जिथे तुम्हाला पत्रा वाटत होता तिथे आता भोकं असतात. लोक ब्लास्टिंगवाल्यावर चिडतात की भोक पाडलं. भोक होतंच, तिथे नुसता गंज उभा होता.

पण याचेही पूर्ण मार्क नाहीत. ठरलं होतं दुपारी काम संपेल, मी गाडी आणेन आणि संध्याकाळपर्यंत इपॉक्सी प्रायमर. प्रत्यक्षात मशीन बिघडलं, फोन आला रात्री नऊला, हवा दमट. सकाळी गेलो तर सगळ्या बॉडीवर बारीक नारिंगी झाक, हळद उडाल्यासारखी, आणि जिथे कोणीतरी उघड्या हाताने उचललं होतं तिथे चार बोटं आणि एक अंगठा स्पष्ट. नुकतंच ब्लास्ट केलेलं उघडं लोखंड म्हणजे नुसती भूक असते, घामाचा हात लागला की तासाभरात डाग. माझा आवाज चढला हे कबूल. त्यानेही वाद न घालता कमी प्रेशरवर परत एक हात मारून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि हातमोजे घालून माणसं माझ्याबरोबर बॉडी चढवायला आली. चार. आधी फोन केला असता तर पाच दिले असते.

छोट्या वस्तूंसाठी, बिजागऱ्या, ब्रॅकेट, सीटचे रूळ वगैरे, ब्लास्टिंगला न देता घरी बादलीत केलं. धुण्याचा सोडा पाण्यात, बॅटरी चार्जर, गंजकी वस्तू निगेटिव्हला, पॉझिटिव्हला कुठलीही टाकाऊ लोखंडी पट्टी. उलटं जोडलंत तर तुमची वस्तू विरघळायला लागेल. पट्टी स्टेनलेसची घेऊ नका, छान चकचकीत आहे म्हणून लोक घेतात, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि बादली उघड्यावर ठेवा, त्यातून हायड्रोजन निघतो. चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत, ठिणगी पडते. रात्रभरात गंजाचा काळा चिखल होतो, ब्रशने धुतला की निघतो. ज्यांना वायरी नको त्यांच्यासाठी एव्हापोरस्टसारखी पाण्यातली लिक्विडं आहेत, ॲसिड नाही, हाताला काही होत नाही, फक्त वस्तू पूर्ण बुडली पाहिजे आणि पाणी गार नको. बोल्टांच्या आट्यांमध्ये तर हेच उत्तम. मला हा सगळा भाग इतका आवडला की नसलेले बोल्टपण शोधून बुडवत होतो.

रस्ट कन्व्हर्टर. यावर माझा राग आहे. "गंजावर लावा आणि विसरा" अशी जाहिरात, लावलं की लाल गंज काळा होतो, बघायला जादू. फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिनचं काम आहे ते, पातळ गंजावर आणि ज्या खड्ड्यात काहीच पोचत नाही तिथे ठीकच. पण जाड खपलीवर फक्त वरचा थर काळा होतो, खाली लाल तसाच. आणि फॉस्फोरिकवाला लावून तसाच वाळू दिला आणि वर इपॉक्सी मारला तर काय होतं ते मी एका टाकाऊ पत्र्यावर बघितलं, आठवड्यात नखाने सोलून आला, अख्खा कागदासारखा. परत त्यानेच ओलं करून, वाळायच्या आत पाण्याने नीट पुसून घ्यायचं असतं. हे डब्याच्या मागे लिहिलेलं नव्हतं, प्रायमरच्या डब्यावर होतं. दोन.

ॲसिडच्या टाकीत अख्खी बॉडी बुडवतात तो प्रकार मी मुद्दाम टाळला, आतल्या बंद पोकळ्यांतून द्रव नंतर कधी गळेल त्याचा भरवसा नाही. बुडवल्यावर लगेच ई-कोट (विजेच्या मदतीने आतबाहेर बसवलेला प्रायमर) करून देणारं कोणी असेल तर गोष्ट वेगळी. लेझरने मित्राच्या दाराचा एक तुकडा करताना बघितला, धूर, चरचर, आणि मागे स्वच्छ पत्रा, ना वाळू ना लाटा. बघत बसावं असं. पण तळहाताएवढ्या जागेला जेवढा वेळ लागला त्या हिशोबाने अख्खी बॉडी म्हणजे माझी रजा संपली असती.

सध्या बॉडी करड्या इपॉक्सीत, फिरत्या स्टँडवर उभी आहे. ब्लास्टिंगनंतर कॉम्प्रेसरने तीनदा फुंकून काढली होती, व्हॅक्यूम लावला, चॅनलमध्ये नळी घालून हवा मारली. काल वेल्डिंगसाठी उलटी फिरवली, तर हीटर चॅनलमधून सर्रर्र आवाज करत ओंजळभर काच परत जमिनीवर.